दोन गेले, बारा राहिले

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही, हिलासुद्धा नाही.
उद्यापासून टेस्ट ट्यूब बाळासाठी तिसरा प्रयत्न. मागच्या दोन्ही वेळा कुठे चुकलं याचा मी शांतपणे विचार केला. नियोजन नव्हतं. सगळं डॉक्टरीणबाईंवर सोडलं होतं. या वेळी सूत्रं माझ्या हातात.
माझं वय सत्तेचाळीस, हिचं चव्वेचाळीस. बाई म्हणाल्या, या वयात शंभरात पाच-सहा जणींनाच यश येतं. मी म्हणालो, म्हणजे पाच-सहा जागा आहेत, आपल्याला एकच हवीय. ही शाळेत गणित शिकवते. खिडकीबाहेर बघत होती. घरी येताना म्हणाली, हा शेवटचा. मी हो म्हणालो. बोलायची एक पद्धत असते.
संकल्प: सिगारेट बंद. चहा दोनच. रोज पाच अक्रोड. सैल कपडे. सकाळी सहाला चालणे. हिच्यावर आवाज चढवायचा नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार, संध्याकाळी ८
इंजेक्शन रोज साडेसातला, पोटात. ते मी द्यायचं असं मीच ठरवलं होतं. वीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवतोय, हात स्थिर आहे. सुई, कापूस, स्पिरिट ओळीने मांडलं. हिने पोटाची चिमटी धरली. पुढचं नीट आठवत नाही.
शुद्धीवर आलो तेव्हा मी फरशीवर आणि ही माझ्या तोंडावर पाणी मारतेय. इंजेक्शन तिने तोवर स्वतःच टोचून घेतलं होतं. दुपारी मी कमी जेवलो होतो, त्याचा परिणाम. यापुढे तिने टोचायचं आणि मी घड्याळ घेऊन शेजारी उभं राहायचं. देखरेख कुणीतरी करायलाच हवी.
कपाळाला टेंगूळ आलंय.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
माझा रिपोर्ट आला. संख्या कमी, हालचाल मंद. मी विचारलं, पण हालचाल आहे ना? बाई म्हणाल्या, आहे. मंद पण चिवट, अशी मी मनाशी नोंद केली. हिला नुसतं सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं, उगाच जिवाला घोर नको. नंतर कळलं की रिपोर्ट हिच्याच ईमेलवर येतात.

९ फेब्रुवारी, रविवार
आढावा. सिगारेट: बंद. (गाडीत दोन झाल्या, त्या टेन्शनच्या म्हणून धरत नाही.) चहा: चार, पण अर्धे अर्धे. अक्रोड चालू. चालणे उद्यापासून. आवाज एकदाच चढला, फ्रिजमध्ये औषधाच्या डब्यावर कोथिंबीर ठेवली म्हणून. कोथिंबीर मीच ठेवली होती असं निघालं.
हिच्या पोटावर निळे डाग पडलेत. मी मोजत होतो. पाचपर्यंत आलो तेव्हा हिने कुर्ता खाली ओढला.

१२ फेब्रुवारी, बुधवार
सोनोग्राफी. बीजं चार दिसतात, त्यातलं एक बारीक. मागच्या वेळी सहा होती. मी बाईंना म्हणालो, संख्या कमी म्हणजे दर्जा चांगला असणार. बाईंनी पुढच्या पेशंटला बोलावलं. बाहेर पेशंट फार होते.
मागची खोली रंगवायचा विषय काढला. ही म्हणाली, तिथे इस्त्रीचं टेबल आहे, ते तिथेच राहू दे. रंगाचं कार्ड मी तरीही आणलंय. गाडीत ठेवलंय.

१५ फेब्रुवारी, शनिवार
हिला भूल देऊन बीजं काढली. मला एक डबी देऊन कोपऱ्यातल्या खोलीत पाठवलं. भिंतीवर डोंगराचं चित्र, एक खुर्ची, खुर्चीवर प्लास्टिक. खिडकीखाली कुणीतरी गाडी लावत होता आणि रिव्हर्सला क्लच फार झटक्यात सोडत होता. लक्ष तिकडेच जात होतं. वीस मिनिटं लागली. नर्सने डबीवरचं नाव तपासलं, माझ्याकडे बघितलं नाही. त्याबद्दल तिचे आभार.
भुलीतून उठताना हिने माझा हात धरला आणि विचारलं, किती? मी म्हणालो, तीन. डोळे मिटले, पुन्हा उघडले, पुन्हा किती? असं पाच वेळा झालं. पाचव्या वेळी वाटलं, चार म्हणावं. तीनच म्हणालो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
तीनपैकी दोन फळली, त्यातलं एक काल वाढायचं थांबलं. राहिलेलं एक आज आत सोडलं. पडद्यावर पांढरा ठिपका दिसला, टाचणीच्या डोक्याएवढा. मी पटकन फोटो काढला. अंगावर काटा आला. बाई म्हणाल्या, तो हवेचा बुडबुडा आहे, गर्भ इतका लहान असतो की दिसतच नाही. फोटो ठेवलाय. गर्भ त्या बुडबुड्याच्या शेजारीच असणार ना.
रक्ततपासणी ४ मार्चला. चौदा दिवस वाट बघायची. ही उद्यापासून शाळेत जाते म्हणत होती. मी आकाशपाताळ एक केलं, तेव्हा कुठे तीन दिवसांची रजा टाकली.

२० फेब्रुवारी, गुरुवार
घोटाळा झाला. पण आटोक्यात आहे.
आई गेल्यावर मला आत्याने वाढवलं. आता तिला कमी ऐकू येतं, त्यामुळे ती फोनवर ओरडते आणि आपल्यालाही ओरडावं लागतं. सकाळी अकराला तिचा फोन आला. आम्ही सिग्नलला उभे. स्टिअरिंगवर बँकेतल्या बाई, शिकायला लागून आठवडा झालेल्या. फोन स्पीकरवर. सुरुवातीचं काही ऐकू आलं नाही, शेवटचं स्पष्ट आलं: दिवस गेले का रे?
माझ्या डोक्यात चौदा दिवसांचा हिशोब. मी ओरडलो, गेले की! दोन गेले, बारा राहिले! आत्या म्हणाली, दोन? मी म्हणालो, दोन! मग तिकडून नुसतंच मुसमुसणं आणि फोन बंद. बँकेतल्या बाईंनी माझं अभिनंदन केलं. कशाबद्दल, ते मला पुढच्या चौकात उमगलं. हिला दिवस गेलेत, तेही जुळ्यांचे, असं आत्याने धरलंय.
लगेच फोन लावला तर एंगेज. दुपारपर्यंत एंगेज. सगळं गणगोत पालथं घातलं असणार.
घरी येऊन शांतपणे विचार केला. बारा दिवसांनी बातमी खरी होणारच आहे. आज नाही म्हणायचं आणि ४ तारखेला पुन्हा हो म्हणायचं, यात आत्याच्या ब्लडप्रेशरचे हाल. एकाची दोन झालीत, तेवढं नंतर बघू. संध्याकाळी फोन लागला तेव्हा बजावलं, हिच्याजवळ चकार शब्द काढायचा नाही, पहिले तीन महिने बोलायचं नसतं. आत्या म्हणाली, मला काय वेडी समजतोस?
जीव भांड्यात पडला. हिला काही कळणार नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार
चुलतभावाचा मेसेज: डबल बाप! मामेबहिणीचा फोन. सगळ्यांना तीच ताकीद दिली.
ही दोन दिवस खुशीत आहे. काल आपणहून पाय उशीवर घेऊन बसली. मी सांगायच्या आत दूध प्यायली. मग गॅलरीचं दार ओढून घेऊन फोनवर बराच वेळ बोलत होती. शाळेतलं काहीतरी असावं. मध्येच हसल्याचा आवाज आला. नियोजनाचा परिणाम दिसायला लागलाय. स्वतःची पाठ थोपटायला हरकत नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
मोटर ट्रेनिंग स्कूलच्या पत्त्यावर आत्याचं पार्सल. आत दोन रबरी शीट, बाळांच्या गाद्यांवर घालायच्या. सोबत चिठ्ठी: दोन्ही हिरव्याच घेतल्या, पुढे भांडणं नकोत. डिकीत स्टेपनीखाली लपवल्या. लपवण्याआधी एकीची घडी उलगडून बघितली. नव्या रबराचा वास होता. पुढच्या क्लासला दहा मिनिटं उशिरा पोचलो, डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. डिकी साफ करायला हवी.

१ मार्च, शनिवार
हिला सगळा घोटाळा सांगून टाकायचा असं ठरवलं. संध्याकाळी सहाची वेळ नक्की केली. सहाला ही पलंगावर भिंतीला टेकून वह्या तपासत होती. उजव्या हातात लाल पेन, डावा पोटावर. ठेवलाय हे तिच्या लक्षात नसावं. मी दारात उभा राहिलो. तिने विचारलं, काय? मी म्हणालो, काही नाही, चहा टाकू का.
आता तीनच दिवस. रंगवाल्याला विचारून ठेवलंय. सोमवारपासून मोकळा आहे.

४ मार्च, मंगळवार
चार वाजता क्लिनिकमधून फोन आला. नर्स म्हणाली, नाही राहिलं. रक्ततपासणीचा आकडा शून्य पूर्णांक आठ. मी म्हणालो, म्हणजे अगदी शून्य नाही. ती म्हणाली, साहेब, पाचाच्या खाली सगळं शून्यच धरतात. मी विचारलं, मशीन तपासलंय का? ती म्हणाली, आजपासून औषधं बंद करायला सांगितलीत.
हिला आणायला शाळेत गेलो. गेटमधूनच तिने माझं तोंड बघितलं. मागचं दार उघडून मागे बसली. लग्नाला वीस वर्षं झाली, मागे कधी बसली नव्हती. मी आरशात बघून सांगितलं, तपासणी पुन्हा करून घेता येते, आकडे चुकतात, पुढच्या वेळी डोस बदलून घेऊ. सिग्नल सुटलेला मला दिसला नाही, हॉर्न वाजवले लोकांनी.
घरी येऊन तिने उरलेल्या वह्या तपासल्या. रडली नाही. सांभाळून घ्यायला मी आहेच.

५ मार्च, बुधवार
आत्याला काय सांगायचं ते सकाळी कागदावर लिहून काढलं. लाइन खराब होती, तुला चुकीचं ऐकू आलं, दोष फोन कंपनीचा. तीन मुद्दे. दोनदा वाचून सराव केला.
फोन वाजला आणि मी हॅलो म्हणायच्या आत हिने तो माझ्या हातातून घेतला. गॅलरीत गेली. दार उघडंच ठेवलं. मोठ्याने म्हणाली, आत्या, राहिलं नाही. मग थोडा वेळ ऐकत होती. म्हणाली, हो, घेतली होती काळजी. हो, पाय वर घेऊनच बसत होते. तुम्ही रडू नका. मग आत्या इतक्या मोठ्याने ओरडली की मला आत ऐकू आलं. विचारत होती, दोनातलं एक तरी राहिलं का गं?
हिने गॅलरीचा कठडा धरला. मग म्हणाली, नाही आत्या, दोन्ही गेली.
एवढं बोलून ती तिथेच खाली बसली आणि रडायला लागली. तिन्ही प्रयत्नांत मी तिला पहिल्यांदा रडताना बघितलं. फोनमधून आत्याचं रडणं ऐकू येत होतं. मी मुद्द्यांचा कागद घेऊन दारात उभा होतो.
नंतर विचारलं, तुला कधी कळलं? म्हणाली, त्याच दिवशी संध्याकाळी. तुमचा फोन झाल्या झाल्या आत्यांनी मला केला. तेव्हापासून रोज करत होत्या. मी म्हणालो, मग चूक झालीय हे सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, सांगणारच होते. पण त्यांनी विचारलं, जेवलीस का, काय खावंसं वाटतंय. सगळे मला एवढी वर्षं एकच विचारतात, कधी. हे कुणी विचारलं नव्हतं. म्हटलं, आज नको, उद्या सांगू. असं रोजच म्हणत गेले.
माझ्यावर चिडली नाही. चिडायला हवं होतं. मी पुढच्या वेळी म्हणून सुरुवात केली, तर माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, पुढची वेळ नाही. मी दमलेय हो.
मी मुद्द्यांचा कागद घडी करून खिशात ठेवला.

९ मार्च, रविवार
परिस्थिती आटोक्यात. नातेवाइकांना एकेक करून फोन केले. आवाज स्थिर ठेवला. सगळ्यांनी हिची चौकशी केली, मी सविस्तर माहिती दिली. ही सावरतेय. रंगवाल्याला नको म्हणून कळवलं. उद्यापासून क्लासला दोन नवीन जण. माझं उत्तम चाललंय.
दुपारी आत्याचा फोन. मला वाटलं हिच्यासाठी आहे, देतो म्हणालो. ती म्हणाली, तिच्याशी सकाळीच बोलले, तू कसा आहेस ते सांग. मी म्हणालो, मला काय झालंय, मी अगदी. पुढे बरंच सांगायचं होतं. आत्या हॅलो, हॅलो करत राहिली. हिने ओट्याजवळून येऊन ओले हात पुसले, माझ्या हातातून फोन घेतला आणि मोठ्याने सांगितलं, ते रडतायत, आत्या, थोड्या वेळाने करा.
तेव्हा मला कळलं.