न भिणारं पाखरू

२६ ऑक्टोबर
बंगालच्या उपसागरातल्या वादळाची शेपटी मुलचेऱ्यापर्यंत. दोन दिवस झोड, कॉलेज बंद. सायंकाळी तलावावर मासे धरणारा मारोती दारात, सदऱ्यात पाखरू. "सर, पाळीवर बसून होतं. हात लावला तरी उडालं नाई. नवं पाखरू दिसलं का मले आणून दे, तुमीच म्हनलं होतं ना?"
तपकिरी, कपाळ पांढरं. पुस्तक काढलं. नॉडी! समुद्रपक्षी! जिल्ह्यातली पहिली नोंद माझी. फॉरेस्टला कळवायला हवं, पण मग ते घेऊन जातील. नागपूरचे तज्ज्ञ ३० ला येतायत, तोवर डालग्याखाली राहील.

२७ ऑक्टो.
नावाचं मूळ सापडलं. जुन्या इंग्रजीत नॉडी म्हणजे बावळट. माणसाला भ्यायचं नाही, जहाजावर येऊन बसायचं. खलाशी हाताने धरून खायचे, वर बावळटही म्हणायचे. हसलो. मारोतीलाही गाव येडाच म्हणतं. विकायची मासळी आणून चारत बसला होता. "खाऊन राह्यलं, सर!"

२९ ऑक्टो.
खाईना. मारोती म्हणे, "फारेस्टवाल्याईले देऊन टाका, त्याईचा डाक्टर हाये." म्हटलं, तुला काय कळतं?

३० ऑक्टो.
पहाटे मेलं. तज्ज्ञ आले, फोटोंवर खूश, नोंद माझ्या नावावर. दुपारी वनरक्षक. पक्षी धरणं गुन्हा. "तुमच्या घरी काऊन?" मी म्हणालो, मारोतीने धरलं, त्यानेच आणून ठेवलं. नवं पाखरू आणून दे असं मीच त्याला सांगितलं होतं, हे गिळलं. पंचनाम्यावर मारोतीचा अंगठा, खाली पंच म्हणून माझी सही. अंगठा पुसत म्हणाला, "सर हायेत, मले काय भेव?"

१ नोव्हें.
मारोती कोठडीत. ही म्हणते, जाऊन खरं सांगा. लाज वाटते. नोकरी जायची भीती त्याहून जास्त वाटते.

३ नोव्हें.
जामीन झाला. तडक इथेच आला, हातात मासे. "तुमच्यासाठी आणले." उद्या साहेबापुढे जबाब आहे. "तुमी येसान ना? अन् त्या पाखराचं नाव लिवून द्या, साहेब इचारते."
लिहून दिलं.
"मतलब काय होते?"
म्हटलं, काही नाही, नुसतं नाव आहे.
चिठ्ठी घडी करून सदऱ्यात ठेवली. उद्या सकाळी नऊला स्टँडवर तो माझी वाट बघणार आहे.