ड्राइव्हच्या अकरा चिठ्ठ्या

सोमवार, ३ मार्च

ड्राइव्ह म्हणजे काय? — आल्या आल्या संपादक बाईंनी विचारलं. म्हटलं, गाडी चालवणं. "आणि?" आणि... नाही सांगता आलं! घरातली पहिली पदवीधर मी, अठ्ठावीस वर्षं ट्रेलर चालवणाऱ्याची लेक मी — दोघीही नापास.

शाळकरी मुलांसाठी आमचा इंग्रजी-मराठी कोश चाललाय. बाईंचा नियम: एका अर्थाला एक चिठ्ठी, चिठ्ठीवर एक वाक्य, आणि ते घरात बोललं जाईल असंच. पुस्तकी वाक्य दिसलं की चिठ्ठी परत! या एका शब्दाच्या अकरा निघाल्या. टंकलेखक काका म्हणाले, "एकटा जीव, पण केवढा राबवलाय बिचाऱ्याला!"

मंगळवार, ४ मार्च

चार झाल्या. गाडी हाकणं. फिरवून आणणं. आतली जिद्द. खिळा ठोकणं.

गुरुवार, ६ मार्च

मोहीम झाली, चेंडू टोलवणं झालं, संगणकातलं साठवणही झालं. आणखी तीन धरून दहा पूर्ण. अकरावी कोरी — हाकलून लावणं.

बाबा घरातून गेले त्याला एकशे बारा दिवस झाले. रविवारी आईला फोन येतो. "पोर बरी आहे ना?" बस. मला द्यायला सांगत नाहीत.

माझं नोकरीचं पत्र आलं त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "बाबा, आता गाडी सोडा. पुरे झाले हाल. मी आहे ना!" किती छान बोलले, असं वाटलं होतं मला. बाबा भरल्या ताटावरून उठले. "मी हाल काढत होतो, हे तुला कुणी सांगितलं?" दुसऱ्याच दिवशी त्यांनी लांब पल्ल्याची फेरी मागून घेतली. तेव्हापासून घरी पाऊल नाही.

शुक्रवार, ७ मार्च

बाईंनी माझ्या चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या आणि मोठ्यानं वाचल्या. "बाबा घाटात एका हातानं गाडी चालवतात. बाबांनी मालकाच्या जीपमधून आम्हाला धरणापर्यंत फिरवून आणलं. माझं प्रमाणपत्र लावायला बाबांनी भिंतीत खिळा ठोकला. चेंडू टोलवतात तेही बाबाच! पोरी, हा कोश आहे की वडिलांना पत्र?"

काका खो खो हसले. मीही हसले. हसता हसता डोळे भरले — शी!

मला कळलंच नव्हतं. खरंच कळलं नव्हतं!

रविवार, ९ मार्च

मी ताटात नुसती बोटं फिरवत होते. आईला राहवलं नाही.

"दर तीन आठवड्यांनी, मंगळवारी सकाळी सातला ते गावाबाहेरच्या पंपावर डिझेल भरायला थांबतात. मी डबा घेऊन जाते."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"ते नको म्हणाले. शिकलेल्या पोरीला लाज वाटेल म्हणे."

लाज!

"तू त्यांना काही बोलली नाहीस?"

"कुणाकुणाला बोलू? बाप तसा, लेक तशी. दोघं नाकावर माशी बसू देत नाहीत. मी आपली मधल्यामध्ये डबे वाहते."

आई चोरून बाबांना भेटते. पंपावर, वीस मिनिटं. मला हेवा वाटला. आईचा हेवा!

सोमवार, १० मार्च

रस्त्यावर हॉर्न वाजला की मान वळते. त्यांच्या सदऱ्याला डिझेलचा वास यायचा, मी नाक मुरडायची. आज वाटेतल्या पंपावरून जाताना मुद्दाम हळू चालले.

अठ्ठावीस वर्षांत मी त्यांच्या ट्रेलरमध्ये एकदाही बसले नाही. ओझ्याची गाडी ती, अभ्यास करणाऱ्या मुलीनं त्यात काय बसायचं — हे मीच ठरवलं होतं. काचेतून त्यांना रोज काय दिसतं, मला ठाऊक नाही. आणि निघाले होते त्यांना सोडवायला!

आईला विचारलं. उद्याच त्यांचा मंगळवार.

मंगळवार, ११ मार्च

अक्षर हलतंय, गाडी चालू आहे. चार दिवसांच्या रजेचा अर्ज, सोबत कोरीच राहिलेली अकरावी चिठ्ठी, काल निघतानाच बाईंच्या टेबलावर ठेवला होता. पंपावर बाबा म्हणाले, "तू? इथं?" मी डबा हातात दिला आणि पलीकडच्या बाजूनं चढून बसले. त्यांनी डबा सीटमागे ठेवला. मग म्हणाले, "दार जोरात ओढ. एकदा ओढून लागत नाही ते."