रविवारी मला मराठी येत नाही

छत्रपती संभाजीनगर,
बुधवार

ती. सत्यभामाअक्कांना कारभारीचा वाकून नमस्कार.

तुमची तब्येत बरी असेल. गुडघा कसा आहे? साडूभाऊंचा खोकला? शिवराज, सूनबाई, नातवंडांची शाळा, कापूस, कांदा, व्यालेली म्हैस, तिचं रेडकू? सगळे बरे ना? खरंच बरे ना? (घाबरू नका. सुदानी लोकांत अशीच विचारपूस करतात. समोरचाही तेवढंच उलट विचारतो, तोवर चहा गार होतो. मला ती सवय लागली आहे. कशी, ते पुढं येईलच.)

फोन सोडून पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तुमच्यापुढं माझं एकही वाक्य शेवटापर्यंत जात नाही. सुरेखा होती तेव्हा तुम्ही दोघी बहिणी बोलत असायच्या आणि शेवटी 'हे पण बरे आहेत' एवढ्यात माझं उरकायचं. ते मला सोयीचं होतं.

येत्या रविवारी तुम्ही शिवराजला घेऊन येणार, घराला कुलूप लावणार आणि मला वैजापूरला नेणार, असं ठरल्याचं कळलं. कारणही कळलं. सुरेखा गेल्यापासून दाजींच्या डोक्यावर परिणाम झालाय, भलत्याच भाषेत बोलतात, असं तुमच्याकडच्या कडुबा भाजीवाल्यानं गावी जाऊन सांगितलं. कडुबानं पाहिलं ते खरं आहे. पण त्यानं अर्धंच पाहिलं.

सुरेखा गेल्यानंतर वरचा मजला मी एका सुदानी कुटुंबाला भाड्यानं दिला. नवरा पीएचडी करायला इथं आला, मागं देशात लढाई पेटली, घर गेलं, परतायची सोय राहिली नाही. बायको इब्तिसामबाई तिकडं शाळेत शिकवायच्या. त्यांची मुलगी तसनीम इथंच वाढते आहे. शाळेत मराठी, गल्लीत दखनी. आजी लढाईतून निसटून कैरोला पोचलेली. ती दर शुक्रवारी फोनवर नातीशी अरबीत बोलायची आणि नात 'हौ, हौ, नक्को' म्हणून पळून जायची. एकदा आजीनं लेकीला विचारलं, ही पोर कुणाची आहे? त्या दिवशी बाईंनी ठरवलं, की शहरातली अशी पोरं गोळा करून त्यांना त्यांची भाषा शिकवायची. जागा कुणी देईना. माझा पुढचा हॉल रिकामाच होता. (तेराव्याला सतरंज्या उचलल्या, त्यानंतर तिथं कुणी बसलं नव्हतं.)

दर रविवारी सकाळी वर्ग भरू लागला, पण पोरं अरबी बोलेनात. बाईंना दखनी कळते हे त्यांना ठाऊक. मग पाणी अरबीत मागायचं कशाला? तेव्हा बाईंनी शक्कल काढली. वर्गात एक आजोबा बसवायचा, ज्याला अरबीशिवाय काही कळत नाही. खजुराचा डबा त्याच्या मांडीवर. ज्याला खजूर हवा, त्यानं आजोबाशी अरबीत बोलावं. आणि आजोबा मराठीत किंवा दखनीत सापडला, तर अख्खा डबा पोरांचा. या कामाला बाईंनी त्यांच्या ओळखीतला सगळ्यात कमी बोलणारा माणूस निवडला.

मला वाटलं, गप्पच बसायचं आहे, हे तर मी जन्मभर करत आलो. पण कळत असून न कळल्यासारखं बसणं फार अवघड आहे, अक्का. मुज्तबा म्हणून एक पोरगा आहे. तो शांतपणे म्हणाला, "जद्दो, तुमारे चप्पल में छिपकली घुसी." (जद्दो म्हणजे आजोबा.) मी पाय हलवला नाही. (घुसली नव्हती. वर्ग संपल्यावर पाहिलं.) मला तेव्हा एकच वाक्य शिकवलं होतं, 'मा फहिमता', म्हणजे समजलं नाही. तेच म्हणालो.

अशात एका रविवारी कडुबा दारात आला. "भाऊ, मेथी लई कवळी हाय, द्यू का?"

पोरं श्वास रोखून माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "मा फहिमता."

"आं? भाऊ, म्या कडुबा. वळखलं नाय व्हय?"

मी पुन्हा तेच म्हणालो. बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "वहिनी गेल्या अन् माणूस पार कामातून गेलं," असं म्हणून त्यानं गाडीवरचं लिंबू उचललं, माझ्यावरून उतरवलं आणि चौकात टाकायला धावला. पोरांना वाटलं, इथली रीतच आहे, आजोबाला समजलं नाही की लिंबू उतरवायचं. पुढच्या रविवारी मुज्तबा घरून लिंबू घेऊन आला. तेव्हापासून मला काही समजलं नाही की तो उठतो. (बाईंनी त्यातच लिंबाचा अरबी शब्द शिकवून घेतला.)

सोमवारी मी कडुबाला गाठून स्वच्छ मराठीत सगळं समजावलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "आलं ध्यानात भाऊ. वाराचं हाय. रईवारीच हुतंय."

पण गेल्या शुक्रवारी तसनीमनं फोन आपण होऊन हातात घेतला आणि आजीला तब्येत, शेजारपाजार, मांजर, सगळं विचारलं. आजीनंही म्हणे एकेक उलट विचारलं. ते इतकं चाललं की वर भात करपल्याचा वास खाली माझ्यापर्यंत आला.

तर मी ठीक आहे. बाकी तुम्ही वडीलधाऱ्या, तुम्ही ठरवाल तसं. रविवारी तयार राहीन. पोराबाळांना माझा आशीर्वाद.

तुमचा,
कारभारी

ता.क. रविवारी बारानंतर या. त्याआधी आलात तर मी तुम्हाला ओळख दाखवणार नाही. राग मानू नये.

ता.क. वर 'तयार राहीन' असं लिहिलंय ते खोडायचं राहिलं. मी येत नाही, अक्का. कुलूप लागलं तर वर्ग बंद पडेल. दुसरी जागा त्यांना मिळत नाही आणि मलाही मिळणार नाही. समोरासमोर हे मला म्हणता आलं नसतं.

ता.क. बारानंतर नको, सकाळीच या. मागच्या रविवारी तसनीमनं एकही चूक न करता मला विचारलं, जद्दो, तुमच्या घरची आजी कुठं आहे? खजूर तिचाच होता. ऐकून ऐकून मला आता तेवढं अरबी कळतं, नीट समजलं होतं, पण मी समजलं नाही म्हणालो. आपलंच वाक्य चुकलं असं वाटून ती खाली मान घालून जागेवर जाऊन बसली. ते बरोबर झालं नाही. सुरेखा गेली हे पोरांना सांगण्यापुरतं अरबी मी बाईंकडून शिकून घेतलंय, पाठही झालंय. पहिल्यांदा म्हणताना तिच्या माहेरचं कुणीतरी शेजारी बसलेलं असावं, एवढंच. तुमची खुर्ची माझ्या खुर्चीला लागून मांडतो.