शिंपल्यांच्या दगडाबाबत शेवटची इच्छा

मी, थडग्यांच्या दगडांवर नावं कोरणारा, वय एकोणऐंशी, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हात थरथरतो, तो वेगळा विषय. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते मी रागात लिहिलं होतं.

१. राहतं घर व मागची कार्यशाळा माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावी. जुन्या मृत्युपत्रात तिचं नाव नव्हतं, त्याचं कारण लिहिणं भाग आहे. ती जीवाश्मांचा अभ्यास करते. कॉलेजात असताना तिने माझ्याच चुनखडीच्या दगडातला शिंपला दाखवला. म्हणाली, हा जीव कोट्यवधी वर्षांपूर्वीचा, आणि आपणही अशाच जीवांतून, उत्क्रांतीने घडत आलो. मी म्हणालो, पवित्र शास्त्रात देवाने जग सहा दिवसांत केलं असं लिहिलंय, या घरात सहाच चालतील. ती निघून गेली, ती नऊ वर्षं आली नाही. खरं सांगायचं तर शिंपले मला तिच्याही आधीपासून ठाऊक होते. गिऱ्हाइकाला डाग वाटू नये म्हणून मी ते छिन्नीने उडवत आलो.

२. छिन्न्या, हातोड्या व भिंग हेही तिलाच. तिची आई अंथरुणाला खिळली तेव्हा ती परत आली. एका दुपारी आईचा हात धरून प्रार्थना करताना मी तिला पाहिलं. मला वाटत होतं, हिने देव केव्हाच सोडला. तसं विचारलं, तर म्हणाली, "बाबा, केलं देवानेच. फक्त घाईने नाही केलं, एवढंच माझं म्हणणं." मला एक नाव कोरायला तीन दिवस लागतात. तिच्या आईच्या थडग्याच्या दगडातला शिंपला मी तसाच राहू दिला.

३. बँकेतली शिल्लक माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला. तिच्या हातचं आणि तिची बोलणी खाऊनच मी एवढा जगलो.

४. धाकट्या भावाला मी काहीही देत नाही. चर्चच्या मंडळीचा रविवारचा बालवर्ग त्याच्याकडे आहे. मुलांना माकडांची शिकवण नको, म्हणत त्याने माझ्या मुलीला वर्ग घेण्यापासून दूर केलं, आणि मी शेजारी बसून गप्प राहिलो. तेव्हा हे न देणं रागापोटी नाही. ज्याला वाटा मिळतो त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकीलबाई म्हणाल्या; आणि साक्षीदार मला तोच हवा. न वाचता सही करायचा त्याचा स्वभाव नाही.

५. माझ्या दफनाच्या वेळी पवित्र शास्त्रातल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा पहिला अध्याय मुलीने वाचावा. कोणी हरकत घेऊ नये.

ठिकाण: राहतं घर, कार्यशाळेचं टेबल.
तारीख: १४ ऑक्टोबर, मंगळवार.
सही: (थरथरती, पण माझीच)

साक्षीदार पहिले: घरचे डॉक्टर. सही.

साक्षीदार दुसरे: धाकटा भाऊ. सही. सहीखाली त्याच्या हस्ताक्षरात:
"सगळं वाचलं. कलम चार खरं आहे. दादा, सही करण्याआधी मी तिला फोन केला. येत्या रविवारी वर्ग ती घेणार आहे. मी मागच्या बाकावर बसेन."