शेवंतीवरचा फोकस

१८ ऑगस्ट, केंदूर
आजपासून फक्त शेती. ॲग्री कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं, कारण सर भर वर्गात 'बाहेर हो' म्हणाले आणि मी बाहेरच राहिलो. पश्चात्ताप शून्य. आप्पांनी विहिरीजवळचा शेवंतीचा तुकडा माझ्यावर सोपवलाय. म्हणाले, दसऱ्याला फुलं मार्केटला ने, मग शेजारच्या मारुतरावांकडं त्यांच्या पोरीसाठी, अक्षदासाठी, शब्द टाकतो. न्हाईतर रांजणगावला कंपनीत जायचं, गपगुमान.
किरकोळ काम. पण आज फार दमलोय. उद्यापासून.

२१ ऑगस्ट
तुकड्याच्या मधोमध बांबूवर एलईडी फोकस लावला. आप्पांना सांगितलं, रानडुकरं येतात. खरं म्हणजे अक्षदाच्या गच्चीवरून तो सरळ दिसतो. अंधार पडला की चालू, उजाडलं की बंद. तिला कळू दे, तिच्यासाठी कुणीतरी जागं आहे. (मी जेवलो की झोपतो. फोकस जागा असतो.)

३ सप्टेंबर
झाडं गुडघ्याला लागली. हिरवीगार. कळी नाही. कॉलेजात शिकलेलं आठवलं: शेवंतीला मोठी रात्र लागते. पानं अंधार मोजतात आणि शेंड्याला फुलाचा निरोप धाडतात. रात्र आता मोठी होत चाललीय. म्हणजे निरोप निघालाय. वाटेत असेल.

९ सप्टेंबर
शेजारी मारुतरावांच्या शेवंतीला कळ्या! तीच नर्सरी, लागणही एकाच दिवशी. तळेगावला जाऊन नर्सरीवाल्याला झापला, वाण बदलून दिलास म्हणालो. तो म्हणाला, दादा, एकाच ट्रेमधली रोपं हायत. मी त्याची कॉलर धरली. मग त्याच्या भावांनी माझी. अंग ठणकतंय.

१४ सप्टेंबर
शोध लागला! मोटारीच्या खोलीमागं, फोकसचा उजेड पोचत नाही त्या कोपऱ्यात, कळ्याच कळ्या. बाकी रानात एक नाही. बसून शांतपणे विचार केला. त्या कोपऱ्यात मी औषध मारलं नव्हतं. म्हणजे औषध डुप्लिकेट. दुकानदाराला फोनवर शिव्या घातल्या. त्यानं ब्लॉक केलं.

१९ सप्टेंबर
अक्षदा स्वतः बांधावर आली. म्हणाली, तो फोकस बंद कर, झोप लागत न्हाई.
झोप लागत नाही. तिला. माझ्यामुळं.
आणखी एक फोकस आणायचा.

२६ सप्टेंबर
दोन्ही चालू. अक्षदा परत आली, आवाज चढवून. म्हणाली, आरं, शेवंतीला रात्रच होऊ दिली न्हाईस तर ती फूल कवा धरंल? फुलं लांबवायची असली की लोक मुद्दाम बल्ब लावत्यात. कॉलेजात काय झोपा काढत व्हतास?
हे मला सगळं माहीत होतं. फक्त ते पुस्तकातल्या झाडांबद्दल आहे असं वाटलेलं. फोकस उतरवले. दसरा आठवड्यावर आलाय, पण झाडांनी मनावर घेतलं तर जमेल.

२ ऑक्टोबर, दसरा
पानं.
मारुतरावांचा टेम्पो पहाटेच फुलं भरून गेला. आप्पा कंपनीच्या बसची वेळ विचारून आले.

९ नोव्हेंबर, रांजणगाव
सुट्टी. रूमवर पडून. आईचा फोन आला. म्हणाली, शेवंती फुललीय रं, सगळं रान पिवळं झालंय. आता मार्केटला कुणी विचारत नाही म्हणे. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, अक्षदाच्या घरचं कुणी बघायला आलं होतं का?
म्हणाली, व्हय, त्यांची शेळी. निम्मा तुकडा खाऊन गेली.
असो. त्यांच्या घरातून कुणाला तरी आवडली.