न टाकलेले दोन थेंब

८ सप्टें., सोमवार
अकरावी सायन्सला आज प्रथिनं. दरवर्षीचा पहिला प्रश्न आलाच, "मॅडम, प्रोटीन मंजे दाळ ना?" म्हटलं, डाळीत असतं, पण तुझ्यातही आहे. केस, नखं, रक्तात ऑक्सिजन वाहणारा हमाल, पेशीच्या पडद्यातली दारं, सगळी तीच. डीएनए म्हणजे नुसती रेसिपीची वही. वहीनं पोट भरत नाही. रायबोझोम रांधतात तेव्हा प्रथिन होतं, आणि पेशीतलं काम ते करतं.

तासभर उभं राहणं जड जातंय. एकोणतिसावा आठवडा. चपलेचा पट्टा रुततो, नडगीवर बोट दाबलं तर खळगा तसाच राहतो. सासूबाई म्हणाल्या, "पाणी उतरलं पायात. पह्यल्या खेपेले होतेच." पहिली खेप म्हणे. दोन वर्षांपूर्वी पाचव्या महिन्यात गेलं ते त्या मोजत नाहीत. मी मोजते.

१० सप्टें., बुध.
प्रॅक्टिकल. लघवीतलं अल्ब्युमिन ओळखणे. नमुना खोटाच, पाण्यात अंड्याचा पांढरा बलक. पितृपक्षात अंडं कोण आणणार? शेवटी लॅबच्या प्रभाबाईंनीच आणलं, पदराखाली, आणि मलाच दम भरला, "पितरपाटात हे करायले लावता मॅडम."

पोरांना बॅचगणिक तेच सांगितलं. नळीचा वरचा भाग तापवा. गढूळ झालं की लगेच 'प्रथिन' लिहू नका, क्षारांनीही गढूळ होतं. असेटिक अ‍ॅसिडचे दोन थेंब टाका. क्षार असले तर विरघळतील. प्रथिन असेल तर पांढरं राहील. थेंब न टाकता निष्कर्ष लिहिला तर शून्य मार्क.

मधल्या सुट्टीत लॅब रिकामी. माझाच नमुना घेतला. गंमत म्हणून, असं स्वतःला सांगितलं. वरचा भाग तापवला. पांढरा झाला.
अ‍ॅसिडची बाटली हाताशी होती. थेंब टाकले नाहीत. क्षारच असतील. नळी धुऊन टाकली.
इथे लिहिते, कारण कोणाला सांगणार नाहीये.

१२ सप्टें., शुक्र.
काल नर्सबाईंचा गावात येण्याचा दिवस होता. गेले नाही. कॉलेजचं निमित्त.
सकाळपासून डोकं ठणकतंय. प्रवीण वांगी घेऊन खामगाव मार्केटला निघाला होता. माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाला, "चाल, दाखवूनच येऊ." सासूबाई आतून, "पितरपाट उतरू दे. आठ-नऊ दिवस त राह्यले. घटस्थापनेनंतर डोहाळजेवन, मंग जाऊ निवांत." हिरवी साडी आणून ठेवलीय त्यांनी. मला दाखवली नाही, पण कपाटात दिसली.
मी म्हटलं, बरोबर आहे, नंतर जाऊ.
एरवी त्यांच्या पितरपाटावरून मी किती वाद घालते. आज तो सोयीचा पडला. लाज वाटते लिहितानाही.

१५ सप्टें., सोम.
प्रथिनाची घडी शिकवली. लांब साखळी ठरावीक पद्धतीनं दुमडली तरच कामाची. तापवली की घडी मोडते, म्हणून अंडं शिजलं की पुन्हा पातळ होत नाही. मग मूत्रपिंड. तिथल्या पेशींची गाळणी पाणी, क्षार सोडते आणि अल्ब्युमिन रक्तात राखते. रूपाली, पहिल्या बाकावरची, "मॅडम, अन् गाळणीच खराब झाली त?"
मी म्हटलं, प्रथिन लघवीतून जातं, अंगावर सूज येते. डॉक्टरकडे जायचं. लगेच.
'लगेच' जरा मोठ्यानंच म्हणाले. 

तास संपवून सरळ लॅबमध्ये. प्रभाबाई खिडकीशी नळ्या पुसत होत्या. वळून न बघता म्हणाल्या, "बुधवारी एक नळी तुमीच धुतली. पंधरा वरसात पह्यल्यांदा."  त्यांनी स्पिरिटचा दिवा पेटवून दिला, अ‍ॅसिडची बाटली पुढे सरकवली.
पुन्हा माझाच नमुना तापवला. पांढरं. एक थेंब. दुसरा. हलवलं. पांढरंच. आणखी दाट.
"हे काय हाय मॅडम?"
"प्रोटीन."
"चांगलं की वाईट?"
मी स्टुलावर बसले. प्रवीणला फोन त्यांनीच लावला.

१६ सप्टें., मंगळ. खामगाव
काल संध्याकाळपासून इथे ॲडमिट. बीपी १५६/१०४. गोळ्या सुरू. डॉक्टरबाईंनी विचारलं, "किती दिवसांपासून?" मी म्हटलं, सूज आठ दिवस, लघवीतलं प्रथिन काल कळलं. प्र. शेजारी उभा होता.
त्या गेल्यावर त्याला बुधवारचं सांगितलं. ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मले नसतं समजलं. आईले नसतं समजलं. तुले त समजत होतं." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.
बाहेर गेला, तासाभरानं शहाळं घेऊन आला. ते मी पिईपर्यंत उभाच.
पाच दिवस. बुधवार ते सोमवार. मोजायचे नाहीत म्हटलं तरी...

१७ सप्टें., बुध.
सा.बा. आल्या. कॉटच्या कडेला टेकल्या, "मीच अडवलं तुले." त्यांना तसं वाटत राहू देणं सोपं होतं. सांगून टाकलं सगळं. नळी, बाटली, थेंब. नळीतलं त्यांना किती कळलं देव जाणे, पण मुद्दा नेमका कळला.
"मंग काऊन नाही टाकले थेंब?"
"भीती वाटली."
त्या चादरीच्या सुरकुत्या काढत बसल्या. मग म्हणाल्या, "मलेबी वाटत होती. मागच्या खेपेचं डोयासमोरून जात नाही. दवाखान्यात गेलं की काही निंघते. म्हनून त पितरपाट म्हनलं मी."
दोन वर्षं एका घरात राहून हे आम्ही एकमेकींना बोललो नव्हतो. रडले. त्या नाही रडल्या, माझी वेणी घालत बसल्या.

१८ सप्टें., गुरु.
१६४/११०. डोळ्यांपुढे ठिपके. झटके येऊ नयेत म्हणून सलाईनमधून दुसरं औषध, अंगभर गरम वाफ आल्यासारखं झालं.
डॉक्टरबाई स्पष्ट बोलतात, तेच बरं. नाळ बाहेर पडल्याशिवाय हे उतरणार नाही. बाळ लवकर काढावं लागेल. पण फुप्फुसं तयार नाहीत. दोन इंजेक्शनं, चोवीस तासांच्या अंतरानं, आणि दुसऱ्यानंतर निदान एक दिवस तरी मिळायला हवा. पहिलं आज चारला दिलं. हे सगळं तोवर माझ्या शरीरानं तग धरला तर. नाही तर अकोल्याचं मोठं हॉस्पिटल, अ‍ॅम्ब्युलन्स सांगून ठेवलीय.
प्र.नं विचारलं, "इंजेक्शननं काय होते नेमकं?" वर्गात सांगते तसंच सांगितलं. औषध माझ्या रक्तातून नाळेपार जातं. बाळाच्या फुप्फुसातल्या पेशीत शिरतं, केंद्रकात पोचतं, तिथली बंद पानं उघडतं. मग ती पेशी एक चिकट-निसरडं द्रव्य जास्त बनवू लागते, चरबी आणि प्रथिनांचं. ते नसेल तर श्वास सोडला की फुप्फुसाचे फुगे आतून चिकटून बसतात. बनायला वेळ लागतो.
"किती?"
"शनिवारपर्यंत."
त्यानं माझा हात धरला. सोमवारनंतर पहिल्यांदा.

१९ सप्टें., शुक्र.
दुसरं इंजेक्शन चारला झालं. आता साडेपाच.
दुपारी १६०, मग १५८, मग पुन्हा १६६. डॉक्टरबाई दर वेळी पोटावर हात ठेवून उजव्या बरगडीखाली दुखतं का विचारतात. अजून नाही. दुखलं तर शनिवारची वाट बघता येणार नाही म्हणे.
बाळ लाथा मारतंय, कमी, पण मारतंय. त्याच्या एकेका पेशीत आता साखळ्या विणल्या जात असतील, दुमडल्या जात असतील. आयुष्यभर फळ्यावर काढलं ते, आणि आज मला त्यातलं काही दिसत नाही, घाई करता येत नाही.
सा.बा. बाहेर बाकावर आहेत. प्र. भिंतीला टेकून.
सिस्टर आत्ता आली. पट्टा बांधला, हवा भरली, सोडली. आकडा मनातच वाचून कागदाकडे वळली. म्हटलं, सिस्टर, मोठ्यानं सांगा. किती का असेना.