वर्गातला दुसरा माणूस

आदरणीय साडूभाऊ,

सलाम. तुमचा गुडघा, तुमचा राग आणि तुमचा रेडिओ, तिघेही ठणठणीत असतील असं धरून चालतो. माझं म्हणाल तर उत्तम. (विचारणारं कुणी नसलं की उत्तमच म्हणायचं.) तुमची मेहुणी गेल्यापासून सोमवार ते शनिवार माझा आवाज मला फक्त खोकताना ऐकू येतो. त्यामुळे पाळकबाईंनी चर्चमध्ये मुलांच्या वर्गाला मदतीला कोण येईल असं विचारलं, तेव्हा माझा हात माझ्याआधी वर गेला. हसू नका. छापखान्यात उभा जन्म फोरमनकी केलेल्या माणसाला डझनभर पोरं काय जड, असं मलाही वाटलं होतं.

आधी आम्हाला शिकवणी दिली. मुलांशी बोलताना त्यांच्या उंचीवर यावं, हा पहिला धडा. मी आलो, म्हणजे वर्गात सतरंजीवर बसलो. पुन्हा आपल्या उंचीवर कसं जायचं, ते मात्र धड्यात नव्हतं. शेवटी पोरांनी ओढून उभं केलं. वर्गाची शिक्षिका (गुणी मुलगी, दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस आहे, त्यामुळे कुणीही तोंड उघडलं तरी घाबरत नाही) तोंड फिरवून हसत होती. दुसरा धडा असा, की मुलांसोबत कायम दोन मोठी माणसं हवीत, एकट्यादुकट्याने राहायचं नाही. नियम रास्त आहे, माझी तक्रार नाही. पण पहिल्याच रविवारी एका चिमुरडीला शू लागली. शिक्षिका तिला एकटी घेऊन गेली तरी नियम मोडतो, आणि मी वर्गात एकटा उरलो तरी मोडतो. मग काय, अख्खा वर्ग निघाला. वाट नेमकी प्रार्थनेच्या सभागृहातून. तिथे मौन प्रार्थना चालली होती. आमची वरात त्या शांततेतून गेली, त्याच शांततेतून परत आली, आणि जागेवर बसतो न बसतो तोच दुसऱ्याला लागली.

पुढच्या रविवारी मी हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगायला घेतली. मेंढपाळ नव्व्याण्णव मेंढरं सोडून एकाला शोधायला जातो, इथवर आलो आणि एक चष्मेवाली उठली. (तिला मी प्रश्नपत्रिका म्हणतो.) "म्हणजे नव्व्याण्णवांजवळ मोठं कुणीच नाही? आणि तो त्या एकासोबत एकटाच?" वर्गात हाहाकार! मी म्हटलं, अगं, असेल दुसरा मेंढपाळ. "मग त्याचं नाव काय?" पोरांनी घरी जाऊन सांगितलं, की मेंढपाळाने नियम मोडला आणि आजोबांनी त्याला पाठीशी घातलं. तेव्हापासून शिकवण्याचं काम शिक्षिकेकडे आणि मी नुसता 'दुसरा माणूस'. दार उघडं ठेवून दाराशी बसायचं, बस्स. फोरमनचा झाला दरवान!

पण खरं सांगू का, मला ते आवडायला लागलं. रविवारीच संध्याकाळी मोठ्या मुलांचा गट असतो, तिथेही मी बसतो. त्यांच्या लेखी मी आणि खुर्ची एकच. परवा त्यातली एक उंच मुलगी सगळ्यांच्या देखत शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही काही विचारत नाही, ते बरंय." आणि आपणहून बोलत राहिली. मी नुसतं हं हं केलं. (तुमच्या मेहुणीचा यावर विश्वास बसला नसता.) घरी आलो आणि कुलूप उघडताना मला रडू आलं. आता शिक्षिकेचं लग्न ठरलंय, महिनाअखेर ती जाणार. मी एकटा उरणार, आणि एकट्या माणसाला वर्ग उघडता येत नाही. दुसरं कुणी मिळालं नाही तर वर्ग बंद, आणि माझे रविवारही सोमवारांसारखेच.

थोरामोठ्यांना नमस्कार सांगा म्हणावं, तर आता थोरले आपणच उरलो. तेव्हा स्वतःलाच सांगा.

आपला,
साडू

ता. क. : तुम्हीही तिकडे एकटेच भिंतींवर डाफरत असता. इकडे राहायला या. दुसरा माणूस व्हा. काम सोपं आहे, फक्त बसायचं. कपाटातला खालचा खण रिकामा केलाय. तुमचा रेडिओसुद्धा सहन करीन.

ता. क. २ : पाकीट चिकटवणार तोच पाळकबाई येऊन गेल्या. दुसरं माणूस मिळालं, वर्ग चालू राहणार. हे तुम्हाला कळवायचं नाही असं ठरवलं होतं, पण खोटं मला पचत नाही. वर्गाला तुमची गरज नाही. तरीही या.